टच पॅनेलला वाय-फायवर आणताना

बैठकीच्या खोलीतील टच पॅनेल कार्यालयाच्या वाय-फायला जोडताना बरेच जण वापरकर्तानाव आणि पासवर्ड भरून मोकळे होतात. पण डब्ल्यूपीए२-एंटरप्राइझमध्ये (प्रत्येकाची ओळख सर्व्हरवर स्वतंत्रपणे तपासणाऱ्या कार्यालयीन वाय-फाय सुरक्षेत) खरी सुरक्षितता ‘सीए सर्टिफिकेट’च्या, म्हणजे प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेच्या मूळ प्रमाणपत्राच्या, रकान्यात असते. तेथे सर्व्हरच्या प्रमाणपत्राची पडताळणी बंद ठेवली, तर त्याच नावाचे बनावट नेटवर्क उभारणाऱ्याच्या सर्व्हरलाही पॅनेल आपली ओळख सांगू लागतो. गुगलने डिसेंबर २०२० मध्ये अँड्रॉइड ११ असलेल्या पिक्सेल फोनमधून पडताळणी बंद ठेवण्याचा पर्यायच काढून टाकला, ते मला अगदी योग्य वाटते. म्हणून मूळ प्रमाणपत्र आधी पॅनेलमध्ये बसवावे आणि ‘डोमेन’मध्ये रेडियस सर्व्हरच्या (ओळख तपासणाऱ्या सर्व्हरच्या) प्रमाणपत्रावरचे नाव अचूक लिहावे.

शक्य तेथे मी ईएपी-टीएलएस, म्हणजे पासवर्डऐवजी उपकरणाच्या स्वतःच्या प्रमाणपत्राने ओळख पटवण्याची पद्धत, निवडतो, कारण कोणाच्याही हाताला लागणाऱ्या उपकरणात पासवर्ड साठवणे मला पटत नाही. पॅनेल चोरीला गेल्यास त्याचे एकट्याचे प्रमाणपत्र रद्द करता येते.

घड्याळाकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते. वीज गेल्यावर काही पॅनेलची तारीख थेट १९७० सालात जाते, त्यामुळे प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेले नाही’ असे ठरून जोडणी नाकारली जाते, आणि वेळ नेटवर्कवरून घ्यावी तर नेटवर्कच नसते. अशा वेळी तारीख आधी हाताने लावावी.