कुलंगचं पाणी

'वर काही सोय नाही बरं का,' हे कुलंग किल्ल्याच्या पायथ्याशी, आंबेवाडीत कुणी ना कुणी बजावतंच. हरिश्चंद्रगडावर शनिवार-रविवारी पिठलं-भाकरी मिळते, लिंबू सरबत मिळतं. कुलंगवर जे पाठीवर नेलं तेच पोटात. आधी दाट रान, मग कातळात कोरलेल्या पायऱ्या, आणि चढ असा की सकाळी एसटीत गाणी म्हणणारी मंडळी रानातच मौनात जातात. शेजारी मदन आणि अलंग हे किल्ले उभे आहेतच, त्यांचा रुबाब मोठा. पण मुक्कामाला मला कुलंगच बरा वाटतो. कारण पाणी.

माथ्यावर खोदीव टाक्यांची रांगच आहे. पोचल्यावर सॅक टाकून आडवं व्हायचं नसतं. उजेड आहे तोवर टाकी बघून घ्यायची. एकात शेवाळाची साय, एकात बेडकांची पोरं, एकात नुसता गाळ. आमच्याबरोबर आलेल्या गावच्या दादांनी मी वाकल्यावर मागूनच हटकलं, 'ते नका घेऊ, त्यात माकडं उतरत्यात.' मग त्यांनी दाखवलेलं टाकं पिण्याचं ठरलं. बाटलीच्या तोंडाला रुमाल बांधून ती हळूच आडवी बुडवायची, म्हणजे तळचा गाळ उठत नाही. पाय कुणी सोडायचे नाहीत. भांडी घासायची ती पाणी काढून, लांब नेऊन. याची पाटी कुठे नाही, पण काठावर कुणी साबण काढला तर परका माणूससुद्धा त्याला झापतो. झापावंच.

थोडं पुढे एका घळीत आडवी भिंत घालून पाणी अडवलंय. भिंतीत गोमुखही आहे. एवढ्या उंचीवर, वाऱ्यात, दगडात गाईचं तोंड कोरत बसायला कुणाला सुचलं असेल? पाणी नुसत्या भोकातूनही पडलंच असतं की!

सह्याद्रीत चार महिने आभाळ फाटतं आणि उरलेले आठ महिने कातळ कोरडा ठणठणीत. गडावरच्या शिबंदीला ते आठ महिने काढायचे होते. म्हणून टाकं खोदायचं, निघालेला दगड बांधकामाला लावायचा आणि उरलेल्या खड्ड्यात पाऊस साठवायचा. एका खर्चात दोन कामं. (आमच्या सोसायटीत गच्चीवरची गळकी टाकी बदलायची म्हटलं की सभा तहकूब होते.) आपण मात्र वर येऊन म्हणतो, वा, काय अस्पर्श निसर्ग! झोपायची गुहा छिन्नीने कोरलेली, प्यायचं पाणी छिन्नीने कोरलेलं. सोय नाही कशी? वीज तेवढी नाही.

रात्री गुहेत खिचडी झाली. उरलेला शिधा दोरीने टांगून ठेवावा लागतो, नाहीतर उंदीर पोह्यांचा फन्ना उडवतात आणि वर प्लास्टिकची पिशवी कुरतडून ठेवतात.

सकाळी समोर कळसूबाई स्वच्छ दिसत होतं, पण त्याआधी प्रत्येकाला बाटली घेऊन आडोसा गाठायचा होता. दादांनी दिशाही ठरवून दिली : टाक्यांच्या वरच्या अंगाला कुणी फिरकायचं नाही, खालच्या उतारालाच जायचं, कारण पहिल्या पावसात वरचं सगळं वाहून टाक्यात येतं. किल्लेदारालाही तेवढं अंतर चालावं लागत असणार, आणि तेही भल्या पहाटे, वाऱ्यात धोतर सावरत.