लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचे चार टक्के

लक्ष्मीपूजनाची रात्र घरी न काढता जुन्नरजवळ गिरवलीच्या डोंगरावरच्या वेधशाळेत काढली, ती अमावस्येसाठी. एरिस हा बटुग्रह ऑक्टोबरात जवळजवळ रात्रभर आकाशात असतो. पण कोजागिरीला चंद्रही त्याच भागात येतो, आणि 18.7 प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) ठिपका त्या उजेडात नीट मोजता येत नाही.

2 मीटरच्या दुर्बिणीतूनही एरिस ठिपकाच दिसतो. त्याचा चंद्र डिस्नोमिया जेमतेम अर्ध्या विकलेवर (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग), म्हणजे दोघं वेगळे दिसायचा प्रश्नच नाही. मोजायची ती दोघांची मिळून तेजस्विता. एरिस स्वतःभोवती फिरायला 15.8 दिवस घेतो, डिस्नोमियाच्या प्रदक्षिणेइतकेच, हे 2023 मध्ये अशाच मोजमापांतून पुढे आलं. चढउतार सगळा मिळून तीनेक टक्के.

दहापर्यंत खालच्या वाड्यांवर बाण उडताना दिसत होते. रात्री दीडला माझी विद्यार्थिनी खुर्चीतून उठलीच. "मॅडम, चढतोय!" प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार तेजस्वितेचा आलेख, चार तासांत चार टक्के वर गेला होता.

माझंही काळीज धडधडलं. मग हिशेब केला. चार तासांत एरिस एका फेरीचा जेमतेम शंभरावा भाग वळतो. एवढ्यात अख्ख्या फेरीपेक्षा जास्त फरक पडेल कसा? तुलनेचे सहाही तारे तपासले, सगळे स्थिर. राहिला एरिसचा रस्ता. तो तासाला दीड विकला सरकतो. वाटेत एखादा मंद तारा मोजणीच्या वर्तुळात शिरला असेल तर?

दोन रात्रींनी आकाशाच्या त्याच जागेवर दुर्बीण लावली. एरिस तिथून पुढे निघून गेला होता. तासाभराच्या फ्रेम्स एकत्र केल्या, तेव्हा 22व्या प्रतीच्या आसपासचा एक तारा वर आला. त्याचा प्रकाश वजा केला आणि वक्र सपाट झाला.

"म्हणजे काहीच नाही?" तिचा आवाज पडला होता.

"अगं, असाच यायला हवा!" मी म्हटलं. चंद्रानं जखडलेला, म्हणजे त्याच्या प्रदक्षिणेइतक्याच संथपणे फिरणारा बटुग्रह चार तासांत सपाटच दिसणार. प्लूटोचा 6.39 दिवसांचा फेराही असाच नुसत्या तेजस्वितेवरून 1955 मध्ये कळला होता. त्याचा चंद्र शॅरन सापडला 1978 मध्ये, आणि त्याच्या प्रदक्षिणेलाही तितकेच दिवस लागतात. हे सांगताना मला आजही भरून येतं.

त्या रात्रीच्या चाळीसेक फ्रेम्सचा सोळा दिवसांच्या आलेखावर एकच ठिपका झाला. तो तिनंच लावला, त्रुटीच्या उभ्या रेषेसकट.