शब्दवही, नोंद ४: 'इनफ'ला एक कार्ड पुरत नाही

इंग्रजी शब्द पाठ करायच्या कार्डांतलं 'इनफ (enough) = पुरेसा' हे कार्ड या फेरीत बाद केलं. अर्थ बरोबर आहे, घोटाळा जागेचा आहे. मराठीत 'पुरेसं गरम', 'उचलता येईल इतकं हलकं' असं सगळं विशेषणाच्या आधी येतं, म्हणून तोंडातून सरळ 'इनफ हॉट' निघतं. इंग्रजीत तो नामाच्या आधी बसतो (इनफ शुगर), पण विशेषण, क्रियाविशेषण आणि क्रियापदाच्या नंतर: हॉट इनफ, फास्ट इनफ, ही डझन्ट स्लीप इनफ.

नवं पहिलं कार्ड ताटांचं. 'इनफ बिग प्लेट्स' म्हणजे पंगत पन्नासाची आणि मोठी ताटंही पन्नास. 'बिग इनफ प्लेट्स' म्हणजे पोळी, भात, भाज्या, कोशिंबीर सगळं मावेल एवढी मोठी ताटं. व्याकरणाला दोन्ही चालतात, त्यामुळे चूक कानाला खटकतच नाही. सगळ्यात दगा देणारी जागा हीच. एकवचनात 'अ' सगळ्यांच्या पुढे: 'अ बिग इनफ प्लेट'.

दुसरं चहाचं: 'द टी इज कूल इनफ टू ड्रिंक'. शेवटी 'इट' चिकटवायचं नाही. चहा कर्ता म्हणून आधीच येऊन गेलाय. पिणारा सांगायचा तर मध्ये 'फॉर': 'कूल इनफ फॉर द चाइल्ड टू ड्रिंक'. कार्डाच्या मागच्या बाजूला 'टू हॉट टू ड्रिंक' लिहा (पहिला 'टू' म्हणजे 'फारच'वाला). 'टू' विशेषणाआधी, 'इनफ' नंतर. जोडीनं घोकलं की जागा पक्की होते.

'ऑफ'चा नियम छोटा आहे. 'द', 'धिस', 'माय' यांच्या आधी 'ऑफ' हवा: 'इनफ ऑफ द राइस'. नुसत्या नामाला नको. 'इनफ ऑफ पॉलिटिक्स!' म्हटलंत, तर राजकारण पुरेसं आहे असं नव्हे, 'पुरे झालं ते राजकारण' असा अर्थ होतो.

सूर सांभाळा. वाढणाऱ्याला आपण सहज 'पुरे, पुरे' म्हणतो. नुसतं 'इनफ!' मात्र दटावल्यासारखं लागतं. तिथे 'दॅट्स प्लेंटी, थँक्स' बरं. 'आय हॅव हॅड इनफ' जेवताना पोट भरल्याचं सांगतं, ऑफिसात सहनशक्ती संपल्याचं.

उच्चारात जोर 'नफ'वर. जुन्या इंग्रजीत शेवटी घशातून येणारा आवाज होता. पुढे 'रफ', 'टफ', 'कॉफ'सारखा त्याचा 'फ' झाला, स्पेलिंग मागेच राहिलं. जर्मन 'गेनूक' याच घराण्यातला. आपलं 'बस' मात्र फारसीतून आलेलं, त्याचं याच्याशी नातं नाही.

पुढच्या फेरीसाठी बाजूला काढलेली कार्डं: 'फेअर इनफ' (बरं, पटलं), 'शुअर इनफ' (आणि झालंही तसंच), 'फनिली इनफ' (गंमत म्हणजे). तिन्हींवर 'पुरेसा' हा शब्द लिहायचाच नाही.