डोमकळी, तीन बिलं आणि मार्चअखेर

ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याच्या एका एजन्सीकडून मला कापूस, केळी आणि ठिबकवरच्या तीन पुस्तिका मराठीत करायचं काम मिळालं. अमळनेरात घरून लेखन-भाषांतर सुरू करून तेव्हा दीड वर्ष झालं होतं. तोवरची कामं छोटी होती. पतपेढीचा वार्षिक अहवाल, सराफी दुकानाच्या जाहिराती, एका शाळेची स्मरणिका. हे पहिलंच मोठं काम. शब्दाला सव्वा रुपया असा दर फोनवर ठरला. कागदावर काहीच नव्हतं, आणि मीही मागितलं नाही. लेखी मागितलं तर काम दुसऱ्याकडे जाईल, अशी मनात भीती होती.

त्या कामाने मला फार काही शिकवलं, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते. कापसाच्या पुस्तिकेत गुलाबी बोंडअळीची लक्षणं दिली होती. अळी फुलात शिरली की पाकळ्या आतून जाळ्याने बांधल्या जातात आणि फूल उमलतच नाही. मूळ इंग्रजीत त्या फुलाला गुलाबावरून नाव दिलेलं आहे. एजन्सीने आधी कुणाकडून तरी करून घेतलेल्या मसुद्यात ‘गुलाबासारखे फूल’ असं लिहिलं होतं. मला ते खटकलं, पण योग्य शब्द मलाही आठवेना. पारोळ्याकडे माझ्या मामांचा कापूस आहे. रविवारी सकाळच्या एसटीने तिकडे गेले. मामांनी चार ओळी फिरून तसं एक फूल तोडून हातात दिलं आणि अहिराणीत म्हणाले, “ही डोमकळी शे, बेटा. गुलाबनं फूल कोन म्हनस?”

डोमकळी! शब्द लहानपणी कानावरून गेलेला होता, पण लिहिताना कधी गरज पडली नव्हती. मामांनी फूल उकलून आतली बारीक अळी दाखवली. कामगंध सापळ्यात (नर पतंगांना गंधाने ओढून घेणारा सापळा) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर फवारणीचा विचार करायचा, हे पुस्तिकेतलं वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, असं सरळ लिही, म्हणजे माणूस सापळा मोजेल. घरी येऊन मी सगळी पुस्तिका पुन्हा लिहून काढली. पुण्याच्या संपादकांनी ‘डोमकळी’ काढायला सांगितलं, वाचकांना कळणार नाही म्हणाले. मी नम्रपणे पण ठामपणे कळवलं की ज्यांच्यासाठी पुस्तिका आहे त्यांना हाच शब्द कळेल. शब्द राहिला. शेवटी ‘मजकूर उत्तम झाला आहे, छपाईला पाठवतो’ असा त्यांचा ईमेल आला. पुढे हा ईमेलच माझ्या कामाला आला.

बिल होतं १८,००० रुपयांचं. सप्टेंबर गेला. ‘पेमेंट प्रोसेसमध्ये आहे’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की फोन करायचीच लाज वाटू लागली. ऑक्टोबरात बाजारातल्या एका कृषी सेवा केंद्रात बियाण्यांच्या पाकिटांशेजारी छापलेली पुस्तिका दिसली. धोतर-टोपीतले एक आजोबा बाकावर बसून बोट फिरवत तीच वाचत होते. डोमकळीच्या चित्रावर बोट ठेवून ते दुकानदाराला म्हणाले, “हाई मन्हा वावरमा शे.” मी तिथेच उभी राहिले. काही बोलले नाही, पण माझे डोळे भरून आले. आपण लिहिलेली ओळ कुणाच्या तरी वावरात जाऊन पोहोचली होती, आणि तिचे पैसे मात्र माझ्यापर्यंत पोहोचले नव्हते. दोन्ही गोष्टी त्या एकाच क्षणी खऱ्या होत्या. मी पुस्तिकेची एक प्रत मागून घेतली आणि जपून ठेवली.

उद्यम नोंदणीबद्दल, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीबद्दल, मला पहिल्यांदा सांगितलं ते शेजारच्या मुलाने. तो जळगावला एका सीएंच्या ऑफिसात काम करतो. लेखन, भाषांतर हीसुद्धा सेवा आहे, सूक्ष्म उद्योग म्हणून तिची नोंदणी होते, हे ऐकून मला खरंच आश्चर्य वाटलं. उद्योग म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गावची बंद पडलेली प्रताप मिल यायची, नाहीतर १९४५ साली इथे तेलगिरणीपासून सुरू झालेली विप्रो. स्वयंपाकघराला लागून ठेवलेलं टेबल आणि त्यावरचा लॅपटॉप हा उद्योग असेल, असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. आधार आणि पॅन एवढंच लागतं, कागदपत्रं चढवावी लागत नाहीत. एका सायबर कॅफेत याच कामाचे १,५०० रुपये सांगितले होते, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. माझी अडचण वेगळीच निघाली. आधारवर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं, आणि ओटीपी जाणारा मोबाइल नंबर वडिलांचा. तोही बंद पडलेला. आधार केंद्रात दोन हेलपाटे आणि तीन आठवडे गेले. त्यानंतर फॉर्म भरायला वीस मिनिटंही लागली नाहीत. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रमाणपत्र हातात आलं.

मध्यंतरी त्याच एजन्सीने आणखी दोन कामं दिली. आता प्रश्न पडेल, पहिले पैसे आले नसताना मी ती का घेतली? तेव्हा दुसरं काम नव्हतं, आणि नवीन कामाबरोबर जुनं बिलही निघेल असं तिकडून सांगितलं गेलं. नोव्हेंबरचं बिल २६,४०० रुपयांचं झालं, डिसेंबरचं २४,००० चं. तिन्ही मिळून ६८,४०० रुपये. जानेवारीत मुलाच्या शाळेची फी भरायला मी अंगठी गहाण ठेवली. सासूबाई रोज संध्याकाळी एकच विचारायच्या, “पैसा उनात का?” पैसे आले का, एवढंच. त्या रागाने नाही, काळजीनेच विचारायच्या. तरी त्यांना उत्तर देताना माझा आवाज खाली जायचा.

फेब्रुवारीत आमच्या गावात ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. प्रताप महाविद्यालयाच्या आवारात सानेगुरुजींच्या नावाची साहित्यनगरी उभी राहिली होती. अमळनेरला याआधी १९५२ साली संमेलन झालं होतं, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांनाही त्याचं फार अप्रूप होतं. मी तिन्ही दिवस गेले. पुस्तकांच्या गाळ्यांमधून फिरताना फार आनंद झाला. ज्या गावात सानेगुरुजींनी मुलांना शिकवलं, त्या गावात हजारो माणसं भाषेसाठी जमली होती. त्या गर्दीत मला एक स्पष्ट कळलं. मी हेच काम करते, मनापासून करते, आणि त्याचे पैसे मागताना मी अपराध्यासारखी का वागते? रविवारी रात्री घरी आल्यावर पत्र लिहायला बसले.

पत्राआधी शेजारच्या मुलाने कायदा नीट समजावून सांगितला. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा आहे. त्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या तारखेला द्यावे लागतात, आणि लेखी ठरवूनही ही मुदत ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. लेखी काहीच ठरलेलं नसेल तर पंधरा दिवस. काम पोहोचल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ते स्वीकारलं असं धरतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ, असं व्याज लागतं. तेव्हा बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज वीस टक्क्यांच्या वर जात होतं. एवढं करूनही पैसे आले नाहीत तर तेव्हा ‘समाधान’ या सरकारी पोर्टलवरून, अशा थकीत पैशांचे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे तक्रार करता येत होती.

पण त्याने एक कटू गोष्टही सांगितली. नोंदणीच्या आधी दिलेल्या कामाला या कायद्याचं संरक्षण धरू नये, सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल तेव्हा तसा होता. म्हणजे ऑगस्टचं बिल, ज्या कामासाठी मी मामांच्या शेतात गेले होते तेच, कायद्याच्या छत्राबाहेर राहिलं. नावातला फरक आधीच दुरुस्त करून ठेवला असता, तर नोंदणी वर्षभर आधी झाली असती. त्याची हळहळ आजही वाटते.

पत्र एका पानाचं केलं. तिन्ही बिलांचे क्रमांक आणि तारखा दिल्या, मजकूर मंजूर केल्याचे ईमेल जोडले, छापील पुस्तिकेचा फोटो लावला, उद्यम प्रमाणपत्र जोडलं. कुठेही चढा शब्द वापरला नाही. ईमेल केलाच, शिवाय पोस्टाने रजिस्टर्ड पत्रही पाठवलं आणि पोचपावती फाइलला लावली. महिनाभर उत्तर आलं नाही. मी ‘समाधान’वरची तक्रार लिहून तयार ठेवली.

मग २१ मार्चला त्यांच्या हिशेब विभागातून फोन आला. आजवर मीच फोन करत होते, पहिल्यांदा तिकडून आला. आवाज घाईतला होता. तुमचं उद्यम प्रमाणपत्र पुन्हा पाठवा, नोव्हेंबर आणि डिसेंबरची बिलं या आठवड्यात काढतो, असं म्हणाले. हे अचानक कसं झालं ते मला नंतर कळलं. आयकर कायद्याच्या ४३ब कलमात नवीन उपकलम आलं होतं, आणि ते त्याच आर्थिक वर्षापासून लागू झालं होतं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदत उलटून ३१ मार्चला थकीत राहिले, तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षाच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. म्हणजे माझे पैसे अडवून ठेवले तर त्यांना कर जास्त भरावा लागणार होता. माझ्या सहा महिन्यांच्या विनवण्यांनी जे झालं नाही ते मार्चअखेरने केलं.

गुरुवारी, २८ मार्चला दुपारी खात्यात ४५,३६० रुपये आले. दोन बिलांचे मिळून ५०,४०० होते, त्यातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर, कापला होता. व्याज मी मागितलं नाही. कायद्याने ते माझं होतं, हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी मला अंगठी सोडवायची होती आणि भांडण संपवायचं होतं. सासूबाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं, “आई, पैसा उनात.” त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

टीडीएसचं मात्र पुढे चाललं. जूनमध्ये २६एएस, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या कराचा आयकर खात्याकडचा उतारा, तपासला तर कापलेले ५,०४० रुपये कुठेच दिसेनात. त्यांनी माझ्या पॅनमधलं एक अक्षर चुकीचं टाकलं होतं. त्यांनी दुरुस्तीचं विवरण भरावं म्हणून मला चार ईमेल लिहावे लागले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात रक्कम दिसली, आणि ३१ तारखेच्या आत मी विवरणपत्र भरलं. परतावा सप्टेंबरात आला. लिहिणाऱ्या मैत्रिणींना मी आता हेच सांगते की टीडीएस कापल्याचं कळलं की तीन महिन्यांत २६एएस उघडून बघा.

त्यानंतरच्या प्रत्येक कामाआधी मी एका पानाचं पत्र पाठवते. काम काय, शब्द किती, दर काय, किती वेळा दुरुस्ती, पैसे किती दिवसांत, आणि निम्मी रक्कम आगाऊ. तळाशी उद्यम क्रमांक. दोन ठिकाणांहून काम गेलं, हे खरं आहे. बाकीच्यांनी सही करून पाठवलं. जळगावच्या एका ग्राहकाने तर स्वतःहून सांगितलं की हे बरं झालं, आम्हालाही तारखा कळतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले तेव्हा मामा भेटले. त्यांना मी पुस्तिकेची प्रत दिली. त्यांनी डोमकळीचं पान उघडून दोनदा वाचलं आणि घडी करून बंडीच्या खिशात ठेवली.

ऑगस्टचे १८,००० अजून यायचे आहेत. दर महिन्याच्या पाच तारखेला मी ते बिल पुन्हा पाठवते, क्रमांक तोच ठेवून.