नववीतल्या पोरीला काय वाचायला द्यायचं?

आज दुपारी त्रेचाळीस डिग्रीत ताईची मोठी आली, सोबत तिची मैत्रीण. दोघी यंदा नववीत गेल्यात. कूलरसमोर बसल्या आणि पाणी प्यायच्या आधीच विचारलं, मावशी, आमच्या वयाचं कायतर दे की वाचायला, लायब्ररीत एकतर परीराक्षसाचं देतात नाहीतर डायरेक्ट हजार पानांचं ऐतिहासिक.

खरंय तिचं. आपल्याकडे वयाच्या बारापर्यंत गोष्टी भरपूर आहेत, आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या तर आहेतच. मधली चार-पाच वर्षं मात्र पोरं अशीच लटकतात आणि नेमकं तेव्हाच वाचन सुटतं. मागच्या वर्षी तिला मी एक जाडजूड पौराणिक दिलं होतं, मला आवडलेलं म्हणून, पन्नास पानांवर बुकमार्क तसाच राहिला. तेव्हापासून ठरवलंय की पोरांना देताना आपली आवड बाजूला ठेवायची आणि बघायचं की पहिल्या दहा पानांत त्यांच्या ओळखीचं कोण भेटतंय का.

मैत्रिणीच्या घरी कन्नड बोलतात, शाळा मराठी. ती म्हणाली मला पुस्तकातलं मराठी जड जातं. तिला प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' काढून दिलं. ही कादंबरी नाहीये, कथा आहेत, पण चार पुस्तकांत लंपन हा एकच मुलगा आहे, आईवडलांपासून लांब आजीआजोबांकडे राहणारा, त्यामुळे वाचताना कादंबरीसारखंच वाटतं. आणि त्यातलं मराठी कन्नडच्या शेजारचं आहे. तिनं उभ्याउभ्याच दोन पानं वाचली आणि हसायलाच लागली, म्हणे आमच्या घरी अस्संच बोलतात. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! सोलापुरात घरी एक आणि शाळेत दुसरीच भाषा असलेली किती पोरं आहेत, त्यांना कोणी सांगतच नाही की असं मराठी पण पुस्तकात असतं.

भाचीला 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकरांनी 1955 साली लिहिलेली कादंबरी, बारीकशी, दोन दुपारीत होते. धनगरांच्या वाडीवर एकटा गेलेला कोवळा मास्तर, पोरं शाळेत येत नाहीत, म्हातारा कारभारी आधी याला जोखून बघतो, मग हळूहळू जवळ घेतो. तो मास्तर मला नेहमी या पोरांपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा वाटतो, घाबरलेला असतो पण दाखवत नाही, हे त्यांना बरोबर कळतं. पुढे पाऊस दडी मारतो आणि वाडी उठते, त्यावर माडगूळकर कुठंच रडत नाहीत, सरळ सांगत जातात, म्हणून ते जास्त लागतं. हा सगळा माणदेश म्हणजे आपल्या सांगोल्याच्या बाजूचाच. आमचे आजोबा तिकडचे, दुष्काळात जनावरं घेऊन निघाल्याचं सांगायचे, ते मी तिला आज पहिल्यांदा सांगितलं. ती गप्पच झाली. मग विचारलं, परत आले का ते? म्हटलं आले, सगळे नाही.

'शाळा'वरून मात्र ताईशी वाजलं. मिलिंद बोकिलांची कादंबरी, 2004 ची, नववीतला मुकुंद आणि त्याला आवडणारी शिरोडकर, बाहेर आणीबाणी. ताई म्हणाली नववीच्या पोरीला हे कशाला. मी म्हटलं अगं नववीच्याच पोराचं आहे ते, त्यांच्या वर्गात हे रोज चालू असतं, फक्त घरी बोलायला कोण नसतं. मास्तरांची भीती, कट्ट्यावरच्या गप्पा, आणि आवडलेलं माणूस हातातून जाणं, हे सगळं या वयात पहिल्यांदाच होत असतं आणि एवढं दुःख फक्त आपल्यालाच झालंय असं वाटत असतं. शिव्या आहेत त्यात, हो, त्या त्यांना आपल्याआधी माहितीयत. आपण लपवलं तर मोबाईलवर जे सापडेल त्यावरून शिकतील, त्यापेक्षा एवढ्या प्रेमाने लिहिलेलं पुस्तक वाचलेलं काय वाईट? ताई काय बोलली नाही, आधी मी वाचते म्हणून पिशवीत टाकून घेऊन गेली.

'पाडस' मी मुद्दाम मागे ठेवलंय. रॉलिंग्ज बाईंच्या इंग्रजी कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. जंगलातलं गरीब घर, ज्योडी आणि त्यानं वाढवलेलं हरणाचं पिल्लू, आणि ते मोठं होऊन घरचं पीकच खायला लागतं. शेवट मी कोणालाच सांगत नाही. पण ते वाचताना घरात कोणीतरी जवळ असावं असं मला वाटतं, मी सातवीत एकटीनं वाचलं होतं आणि दोन दिवस जेवले नव्हते.

आत्ता साडेदहाला भाचीचा फोन. बनगरवाडी निम्मी झाली, पण शाळा मिळेना, आई जेवण झाल्यापासून तेच घेऊन बसलीय आणि हाक मारली तर ओ पण देत नाही.



उद्या संध्याकाळी ऊन उतरलं की जाईन तिकडे. पाडस घेऊन.