चेटकीण खेळायची तर स्पेल मागे, हेक्स पुढे

पाथफाइंडर या टेबलावर फासे टाकून खेळायच्या रोलप्लेइंग गेमच्या पहिल्या आवृत्तीत २०१० साली चेटकीण (विच) हा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, आला. पात्राची शीट हातात पडली की बहुतेक जण आधी स्पेलची (मंत्रांची) यादी उघडतात, आणि मग ती दुय्यम दर्जाची विझर्ड (जादूगार) वाटते. तिचं खरं बळ हेक्समध्ये, म्हणजे शापासारख्या खास शक्तींत आहे. स्पेल संपतात, हेक्स दिवसभर चालतात.

पहिल्या लेव्हलला एक हेक्स मिळतो, पुढे प्रत्येक सम लेव्हलला एक. फीटमध्ये (पात्रासाठी निवडायच्या जादा क्षमतेत) एक्स्ट्रा हेक्स घेतला तर दुसऱ्या लेव्हललाच तीन होतात. घ्यायचे ते इव्हिल आय (शत्रूला कमजोर करणारा), कॅकल (चालू हेक्स लांबवणारा) आणि स्लंबर (झोपवणारा).

क्रम महत्त्वाचा. स्लंबर एकाच शत्रूवर दिवसातून एकदाच टाकता येतो, शत्रूचा सेव्ह (परिणाम टाळायला टाकलेला फासा) लागो वा न लागो. म्हणून तो आधी उडवायचा नाही. पहिल्या राउंडला (सगळ्यांची एकेक पाळी) इव्हिल आय टाकून शत्रूचे सेव्ह २ ने पाडा. त्याने विल सेव्ह (मनोबळाचा सेव्ह) मारला तरी परिणाम एक राउंड टिकतोच. त्याच टर्नमध्ये मूव्ह अॅक्शनला (टर्नमधल्या हालचालीच्या कृतीला) कॅकल करा, म्हणजे आणखी एक राउंड वाढतो. स्लंबर पुढच्या टर्नला.

आता हिशेब. लेव्हल २, इंटेलिजन्स १८, म्हणजे डीसी (सेव्हला गाठायचा आकडा) १० + १ (अर्धी लेव्हल) + ४ (इंटेलिजन्सचा बोनस) = १५. साध्या ऑर्कचा विल सेव्ह -१. त्याला डी२०वर (वीस बाजूंच्या फाशावर) १६ लागतात, म्हणजे ७५ टक्के वेळा तो झोपणार. इव्हिल आयनंतर १८ लागतात, म्हणजे ८५ टक्के. फरक दिसायला छोटा आहे, पण विल चांगला असलेल्या सरदारासमोर हाच २ कामी येतो.

कोणाला काय लागलंय हे चार राउंडांनी कोणालाच आठवत नाही. मिनीच्या (पात्राच्या छोट्या बाहुलीच्या) तळाला टिकली चिकटवा: लाल इव्हिल आय, काळी स्लंबर. पाकीट दहा-वीस रुपयांत मिळतं आणि रंगही खराब होत नाही.

जीएमसाठी (खेळ चालवणाऱ्यासाठी): स्लंबरला हिट डाइसची (शत्रूच्या ताकदीच्या मापाची) मर्यादा नाही, म्हणून एकटा बॉस ठेवाल तर तो झोपेल, फायटर शेजारी येऊन कू द ग्रास (असहाय शत्रूवर जीवघेणा घाव) करेल आणि तीन तासांचं कथानक आटपेल. इंदूरच्या सराफ्यात रात्री खायला लवकर जायचं असेल तर ठीक. नाहीतर बॉसजवळ दोन चेले ठेवा. झोपलेल्याला हलवून उठवायला एक स्टँडर्ड अॅक्शन पुरते. नुसत्या आवाजाने तो उठत नाही, हे खेळाडू विसरतात. एल्फ, ड्रॅगन, अनडेड, कन्स्ट्रक्ट यांच्यावर स्लंबर चालतच नाही, पण दर वेळी तेच आणलेत तर खेळाडू रुसणार, आणि बरोबरच आहे.

हेक्सचा पल्ला ३० फूट, म्हणजे कागदावर सहाच चौकोन. हिट डाय डी६, म्हणजे जीव कमी. दाराआड उभं राहून टाका.

फॅमिलियरला (चेटकिणीच्या जादुई सोबती प्राण्याला) मात्र लढाईत उतरवू नका. सगळे स्पेल त्याच्यातच साठलेले असतात. तो मेला तर दुसऱ्या दिवशी आठ तासांचा विधी आणि लेव्हलमागे ५०० सोन्याची नाणी. पाचव्या लेव्हलला २,५००. नव्याकडे शून्य लेव्हलचे सगळे आणि वरच्या प्रत्येक लेव्हलचे, बोनस स्पेल सोडले तर, दोनच स्पेल असतात. स्क्रोल जाळून शिकवलेले गेले ते गेले.

एक गोष्ट इंदुरात खेळताना: मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागात बायकांना डाकण (चेटकीण) ठरवून मारहाणीच्या घटना अजून घडतात. गावकरी चेटकिणीला हाकलतात हा प्रसंग ठेवायचा असेल तर पहिल्याच सत्राआधी टेबलावर विचारून घ्या.