चाळणीवर उरलेली हत्यारं

नागपुरात बांधकाम म्हटलं की कन्हान नदीची रेती आलीच. त्या रेतीतून आदिमानवाची हत्यारं थेट कुणाच्या अंगणात येतील, असं इतकी वर्षं पुरातत्त्व शिकवूनही मला वाटलं नव्हतं.

मानेवाड्याला आमच्या एका विद्यार्थिनीच्या घराचं प्लास्टर सुरू होतं. रेती चाळणाऱ्या रेजाबाईंनी चाळणीवर उरलेल्या गोट्यांतले तीन बाजूला काढून ठेवले होते. "हे नदीचे गोटे नाही वाटत जी मॅडम. कोणीतरी मुद्दाम फोडल्यावानी दिसते," त्या म्हणाल्या. नजर पक्की होती त्यांची.

पहिला मधाच्या रंगाचा गाभा, म्हणजे ज्यावरून पाती काढतात तो मूळ तुकडा, चर्ट या कठीण दगडाचा, अंगठ्याएवढा. माथा सपाट केलेला आणि तिथून खाली, एकाच दिशेनं काढलेल्या अरुंद पात्यांच्या खाचा, एकीला लागून एक. दुसरा छिलका, म्हणजे घाव घालून उडवलेली कपची. उन्हात तिरपा धरला की घाव बसला त्या जागेखालचा फुगवटा आणि तिथून पसरलेल्या लहरी स्पष्ट दिसत. दगड नदीत आपटून फुटतो, पोकलेनच्या दातानंही फुटतो. पण एकाच माथ्यावरून असे ओळीनं घाव नदी घालत नाही. तिसऱ्याच्या कडा पार झिजलेल्या. त्याला मी हत्यार म्हटलं नाही.

पण आले कुठून? कन्हान सातपुड्यातून, छिंदवाड्याकडून येते, वाटेत पेंच मिळते. गाभ्याच्या कडा अजून धारदार, म्हणजे पाण्यानं तो फार लांबून लोटत आणलेला नसावा. ट्रकवाल्याला फोन लावला, तर डेपोत दोन घाटांचा माल एकत्र पडतो म्हणाला. काळाचंही तेच. हत्यार कधी घडलं ते दगड सांगत नाही, ज्या थरात ते सापडतं तो थर सांगतो, आणि इथला थर तर उपसून गेलेला. अशी सूक्ष्मास्त्रं, म्हणजे बारीक दगडी हत्यारं, शेतीच्या आधीच्या मध्याश्मयुगात होती, तशी तांबं वापरात आल्यानंतरच्या ताम्रपाषाण काळातही होती.

एक सहकारी म्हणाले, जवळचं एखादं माहितीतलं स्थळ लिहून टाका. मला ते मुळीच पटलं नाही. चुकीचं गाव एकदा छापलं की नकाशावरचा तो ठिपका पुसता पुसत नाही.

नोंदवहीत लिहिलं: कन्हानची रेती, घाट अनिश्चित, थर नाही. शोधणाऱ्याच्या रकान्यात त्या बाईंचं नाव. त्यांना आता वेगळी पिशवी दिली आहे. असा दगड दिसला की तो पिशवीत, आणि ट्रक कुठल्या घाटावरून आला त्याची चिठ्ठी आमची विद्यार्थिनी सोबत ठेवते. एकाच घाटाचं नाव पुन्हा आलं, तर उन्हाळ्यात नदी उतरल्यावर तिथला काठ आम्ही पायी पिंजून काढणार आहोत.